सुपडूनानांची पाच नंबरची बाटली

मला एम.एस्सी.ला नापास केलं ते विद्यापीठानं नव्हे, सुपडूनानांनी. गुणपत्रिकेवर सही दुसऱ्याची असेल, पण काम नानांचं. आणि हे नाना कोण? तर जळगावच्या आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या लॅबमधले हमाल. शिक्षण मराठी तिसरी. ही गोष्ट सांगायला लागलो की समोरचा हमखास विचारतो, "अहो, मग त्या माणसाचं नाव काढलं की तुमचा चेहरा एवढा का खुलतो?" खुलतो बुवा! त्याला मी काय करू? आयुष्यात मला पास करणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या निम्म्यांची नावंही आता आठवत नाहीत.

नाना पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातले. बुटके, काटक, पन्नाशीच्या आतबाहेरचे. अंगात खाकी कोट, आणि त्या कोटाला ॲसिडनं पाडलेली इतकी भोकं की आम्ही त्याला चाळणीच म्हणायचो. डोक्यावरची पांढरी टोपी मात्र रोज धुतलेली. कानावर न पेटवलेली विडी. लॅबमध्ये विडीला बंदी, म्हणून ती सकाळी दहाला कानावर चढायची आणि संध्याकाळी फाटकाबाहेर पेटायची. मध्येच काही बिनसलं की नाना ती नुसती चाचपून बघत आणि कामाला लागत.

प्राध्यापकांशी ते एक राखीव मराठी बोलत. "होय साहेब, आणलेले आहे साहेब, ठेवलेले आहे साहेब." आमच्याशी मात्र घरची अहिराणी. मी धुळ्याच्या पेठेत वाढलेला, घरी कापडाचं दुकान. गिऱ्हाइकांमुळे ही बोली कानावर होती. त्यामुळे आमचं पहिल्याच आठवड्यात जमलं. जमलं म्हणजे कसं, तर मी एक ब्युरेट फोडली. नाना धावत आले, तुकडे गोळा केले आणि म्हणाले, "काच शे भो, ती फुटावच. तुना हात तं नही ना कापना?" मी हात दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग सरळ आमच्या विभागप्रमुख सरांच्या खोलीत गेले आणि कोणी फोडली ते सांगून आले.

मी म्हटलं, "काय हो नाना, आत्ता तर एवढ्या मायेनं विचारत होतात!"

"माया येगळी रे भो, सांगनं येगळं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुढे इतक्यांदा ऐकलं की आम्ही ते एकमेकांना चिडवायला वापरायचो.

रसायनांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडेल अंडं, ब्रोमीन म्हणजे लाल डाकीण, आणि हाताला काळे डाग पाडणारं सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदीबाई. लॅबच्या मागच्या खोलीत दोन-अडीचशे बरण्या फळ्यांवर ओळीनं. बऱ्याच बरण्यांची लेबलं ॲसिडच्या वाफांनी करपून तपकिरी पडलेली; जी वाचता येत ती इंग्रजीत, आणि नानांचं इंग्रजीशी वाकडं. पण अडत कुठे होतं? सरांनी बेरियम नायट्रेट म्हणायचा अवकाश, नानांचा हात मागे न बघता वर जाई. दुसरी फळी, डावीकडून चौथी. स्ट्राँशियम म्हटलं की तीच फळी, सातवी. मी एकदा विचारलं, "नाना, वाचल्याशिवाय कसं हो?" तर तळवा माझ्यासमोर धरून म्हणाले, "याले बठ्ठं मालूम शे." त्या हाताचा त्यांना फार अभिमान होता, आणि खरं सांगतो, आम्हालाही होता.

आता परीक्षेबद्दल. हल्लीच्या मुलांना वाटतं ताण त्यांनीच शोधून काढला. जळगावचा एप्रिल, डोक्यावर ओला पंचा, आणि पुढ्यात एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल. सहा तासांत एका पांढऱ्या भुकटीत काय काय मिसळलंय ते शोधायचं, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. मला परीक्षेच्या सकाळी उचकी लागायची ती थांबायची नाही. पाचोऱ्याचा आमचा वामन, बोलायला मोठा तीसमारखाँ, त्याच्या परसाकडच्या खेपा चालू व्हायच्या. आणि कुमुद! वर्गातली एकुलती एक मुलगी, भडगावच्या पोस्टमास्तरांची. आम्हा सगळ्यांत हुशार, पण परीक्षा म्हटली की तिचे हात असे कापत की चिमट्यातली नळी वाजायची. आदल्या वर्षी तिच्या हातून नळी सुटली, खाली फुटली, आणि ही बाई रडत उठली ती थेट भडगावला घरी. ऑक्टोबरच्या परीक्षेलाही घरून सोडलं नाही, वर्ष गेलं. यंदा ती परत बसणार होती, आणि घरून बजावून पाठवलं होतं की हे शेवटचं.

या सगळ्यांवर नानांचा एकच उपाय. परीक्षेच्या सकाळी दारात उभे राहून ते प्रत्येकाचे हात बघत. हात कापताना दिसला की मनगटाला धरून मोरीपाशी नेत आणि पुढ्यात नळ्यांचा ढीग टाकत. "पह्यले दहा नळ्या घास. मंग दे परीक्षा."

"नाना, घासलेल्याच आहेत या!"

"माले माहीत शे. तरी घास."

गार पाणी, हातात ब्रश, आणि शेजारी नाना काहीतरी पाणचट बोलत उभे. सहाव्या-सातव्या नळीला माझी उचकी थांबलेली असायची. "हातले काम दिधं का मन गुपचूप बसस," असं ते म्हणत. सराव परीक्षेच्या दिवशी कुमुदनं दहाऐवजी चाळीस नळ्या घासल्या. नानांनी तिला हटकलं नाही. उलट ती आत गेल्यावर सरांना जाऊन सांगितलं, "पोरीला पाच मिनिटे उशीर झालेला आहे साहेब. तो माझ्यामुळे झालेला आहे."

पण म्हणून कोणी त्यांच्याकडून परीक्षेतलं काही काढून घेईल, तर राम राम घ्या. परीक्षक नावं वाचत आणि मिश्रणं नानाच भरत, तेव्हा बाटलीत काय आहे हे परीक्षकांनंतर त्यांनाच ठाऊक. एका बागाईतदाराच्या मुलाच्या बापानं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात केळ्यांचा एक मोठा घड पाठवला. गडी म्हणाला, नानांना द्यायचाय. नानांनी घड लॅबच्या मधोमध टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना हाका मारल्या. "या रे भो! याना बापनी केळा धाडेल शेतस. परीक्षानी काळजी शे त्यास्ले. बठ्ठा खा!" आम्ही तुटून पडलो. तो मुलगा लाजेनं लालेलाल. नाना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू बी खा ना. तुन्हाच घरना शेतस." त्यांनी स्वतः मात्र एकही खाल्लं नाही.

हे सगळं करणारा माणूस हंगामी होता, हे मला फार उशिरा कळलं. अकरा वर्षं हंगामी. दर जूनला नवा कागद निघायचा, दर मेमध्ये संपायचा. त्या वर्षी कधी नव्हे ते सरांनी जोर लावला होता. नानांना कायम करायचा प्रस्ताव प्राचार्यांच्या टेबलावर गेला होता आणि परीक्षा आटोपल्या की सही होणार होती. कायम झालं की निवृत्तिवेतन, आणि म्हातारपणी कोणाच्या दारात जायला नको. नाना बोलायचे नाहीत, पण त्या दिवसांत विडी चाचपणं फार वाढलं होतं.

मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येणार म्हणून लॅबला चुना मारायचं निघालं. रंगाऱ्यांनी मागच्या खोलीतल्या सगळ्या बरण्या खाली काढल्या आणि भिंती वाळल्यावर परत लावल्या. नाना समोर उभे राहून सांगत होते, ही इकडं, ती तिकडं. मध्ये कोणीतरी त्यांना समितीच्या चहापाण्याचं विचारायला हाक मारली. दहा मिनिटांत ते परत आले तेव्हा फळी लागलेली होती, बरण्यांची संख्या बरोबर होती, भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. नाना खूश झाले.

एप्रिलमध्ये पुण्याहून परीक्षक आले. उंच, गोरे, हळू बोलणारे, आणि म्हणून जास्तच भीती वाटणारे. सोळा विद्यार्थी, आठ मिश्रणं, एकेक मिश्रण दोघांना, आणि प्रत्येक मिश्रणात सहा गोष्टी शोधायच्या. त्यांनी आदल्या दुपारी यादी केली आणि ऑफिसात कार्बन लावून तिच्या दोन प्रती टाइप करून घेतल्या. प्रती कुलपात गेल्या. कार्बन गेला कचऱ्याच्या टोपलीत. आणि वामन तेव्हा ऑफिसात कसलासा दाखला मागायला उभा होता.

संध्याकाळी आमच्या खोलीत त्यानं तो कार्बन खिडकीच्या काचेवर धरला. एक ते आठ, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. वामन दिलदार माणूस, त्यानं कोणापासून काही लपवलं नाही. उचकी लागलेला मी, म्हटलं देव पावला! रात्रीपर्यंत पंधरा जणांची यादी पाठ झाली. राहिली कुमुद. ती राहत होती त्या मावशीच्या घरी मी स्वतः सांगायला गेलो, मोठा उपकार करायला. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला नको सांगूस. मला आधीच कळलं तर माझा हात आणखी कापेल." मला तिची कीव आली. होय, मला तिची!

सकाळी चिठ्ठ्या काढल्या. मला पाच नंबर. यादी तोंडपाठ होती. पाचमध्ये इतर पाच गोष्टींबरोबर बेरियम. दुसरी पाच नंबरची चिठ्ठी निघाली कुमुदला.

आता जरा रसायनशास्त्र सांगतो, घाबरू नका. बेरियम ज्योतीत धरलं की ज्योत पोपटी होते. स्ट्राँशियम धरलं की लालभडक. शेंबडं पोरही ओळखेल इतका फरक. मी तार भुकटीत बुडवून ज्योतीत धरली, आणि ज्योत लाल झाली. परत धरली. लाल. मग मीच माझी समजूत घातली की झोप झालेली नाही, तार घाणेरडी असेल, कॅल्शियमची भेसळ असेल. यादी तर खोटी असू शकत नाही, ती थेट परीक्षकांची! बेरियम असेल तर एका ठिकाणी पिवळा साका खाली बसतो, तोही बसला नाही. डोळ्यांसमोर लाल ज्योत होती आणि मी उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'ज्योत पोपटी. पिवळा साका मिळाला. बेरियम.' सहापैकी सहा गोष्टी लिहून मी तासभर आधी मोकळा झालो.

कुमुद समोरच्या टेबलावर प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा करत होती. वेळ संपला तेव्हा तिच्या पाचच गोष्टी झाल्या होत्या.

संध्याकाळी तोंडी परीक्षा. लॅबच्या एका टोकाला परीक्षक आणि आमचे सर, दुसऱ्या टोकाला आम्ही रांगेत. नाना परीक्षकांच्या मागे उभे, लागेल ते द्यायला. माझं आटोपलं होतं. परीक्षक माझ्या सहापैकी सहावर खूश होते, दोनच प्रश्न विचारून त्यांनी मला सोडलं. पुढची कुमुद.

"चार बरोबर आहेत," ते म्हणाले. "पाचवं स्ट्राँशियम लिहिलंय. ते या मिश्रणात नाही. नसलेलं लिहिलं की आधीचेही गुण वजा होतात, माहीत आहे ना?"

"हो सर."

"वजा केले तर तू पास होत नाहीस." त्यांचा आवाज वाईट नव्हता. "पुन्हा विचार कर. बेरियम असेल का?"

कुमुदचे हात पदराच्या टोकाला गुंडाळलेले होते आणि तरी कापताना दिसत होते. "नाही सर. ज्योत लाल होती."

"याच मिश्रणावर दुसऱ्या विद्यार्थ्यानं काम केलंय. त्याला पोपटी दिसली, पिवळा साकाही मिळालाय. सहाही बरोबर आहेत त्याचे. मग तुलाच लाल कशी दिसली?"

तो दुसरा विद्यार्थी पंधरा पावलांवर उभा होता. तोंड उघडायला मला किती वेळ होता म्हणता? भरपूर होता. मी टेबलावरचे डाग बघत उभा राहिलो.

"मला माहीत नाही सर," कुमुद म्हणाली. ती आता रडत होती. "मी चारदा पाहिलं. मला लालच दिसली. दुसरं कसं लिहू?"

नानांचा हात कानाकडे गेला. विडी त्यांनी चाचपली नाही, काढून खिशात टाकली. मग ते मागच्या खोलीत गेले आणि एक बरणी घेऊन आले. दुसरी फळी, डावीकडून चौथी. कोणाला न विचारता त्यांनी परीक्षकांच्या समोरचा बर्नर पेटवला, तार बरणीत बुडवली आणि ज्योतीत धरली. सगळी लॅब बघत होती. ज्योत लालभडक झाली.

"चूक मनी शे, साहेब." त्यांची ती राखीव मराठी कुठल्या कुठे गेली. "चुना मारना तव्हय बरण्या इकडन्या तिकडं व्हयन्यात. मी देखं नही. मी मना हातवर इस्वास ठेवा. पोरनी बरोबर लिखेल शे."

सर खुर्चीतून अर्धे उठले. "नाना, नीट आठवा—"

"नीट आठवस साहेब. मीच भऱ्यात बाटल्या."

परीक्षकांनी तार स्वतः पुन्हा ज्योतीत धरून पाहिली. मग त्यांनी माझी उत्तरपत्रिका पुढे ओढली. "या दोन्ही बाटल्या तुम्ही याच बरणीतून भरल्या? की एक दुसऱ्या बरणीतून?"

प्रश्न साधा होता, आणि मी वाचण्याची ती एकच फट होती. एक दुसऱ्या बरणीतली असेल साहेब, आठवत नाही साहेब. नानांनी एवढं म्हटलं असतं की मी सुटलो असतो, कुमुदही सुटली असती. नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी किती विनवलं असेल त्यांना! मी त्यांचा लाडका होतो हो. घरून येताना त्यांच्यासाठी धुळ्याचा तंबाखू आणणारा, त्यांच्या बोलीत त्यांची थट्टा करणारा.

"दोन्ही याच बरणीमाईन भऱ्यात, साहेब," नाना म्हणाले.

"कमाल आहे," परीक्षक मला म्हणाले, हळू आवाजातच. "बेरियमचा कण नाही, आणि तुम्हाला पोपटी ज्योत दिसली." त्यांनी माझ्या सहा गोष्टींवर एक तिरकी रेघ ओढली. पुढे चौकशी लावली नाही, तेवढी दया केली. बाकीच्या चौदा जणांच्या मिश्रणांत या दोन बरण्यांतलं काहीच नव्हतं, त्यामुळे ते चौदा जण पास झाले, आणि कुमुदही. वामन पहिल्या वर्गात आला. पुढे तो फार मोठा झाला, त्याबद्दल मला विचारू नका, माझं डोकं फिरतं.

निकाल लागला त्या दिवशी मी चरफडत नानांच्या घरी गेलो, रेल्वेच्या रुळांपलीकडे. डोक्यात नुसता जाळ. वडिलांना काय सांगायचं, दुकानात बसायचं की काय, सगळं त्या म्हाताऱ्यावर काढणार होतो. दारात त्यांची बायको होती. पाणी देता देता तिनंच सुरुवात केली.

"तुमनं काय भाऊ, तुम्ही आक्टोबरले फिरी बसशात. यास्ना कागद परत वना."

मला आधी कळेना. मग कळलं. परीक्षेच्या कामात हयगय, असा शेरा मारून प्राचार्यांनी प्रस्ताव परत पाठवला होता. अकरा वर्षांनंतर आणखी हंगामी, कधीपर्यंत ते कोणीच सांगत नव्हतं. सरांनी विनंती केली, पण शेरा तो शेरा.

नाना आत खाटेवर बसून टोपीला इस्त्री करत होते, पितळेच्या तांब्यात निखारे घालून. मी म्हटलं, "नाना, तुम्ही गप्प बसला असतात तर कायम झाला असतात."

"हां, व्हतू."

"आणि मी पास झालो असतो."

"हां. तू बी."

"खोटं बोलता येत नाही का हो तुम्हाला?" मी ओरडलोच.

त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. "काब्र नही येस? माले बी येस खोटं. पन ती पोर तठे रडी ऱ्हायनी व्हती." मग टोपीची घडी घालत त्यांनी विचारलं, रागानं नव्हे, अगदी खरंच जाणून घ्यायचं म्हणून, "एक सांग. तुले लाल दिसनी व्हती ना?"

"दिसली होती," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. निकालाचं नव्हे ते. गेले दोन महिने हे एक वाक्य मी कोणाजवळ बोललो नव्हतो. नानांनी मला रडू दिलं. त्यांच्या बायकोनं कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून पुढे ठेवला. ठेचा इतका तिखट होता की त्यानंतरचं रडणं कशाचं ते मलाही सांगता येणार नाही.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी जळगावलाच राहिलो. रोज दुपारी लॅब रिकामी झाली की नाना मला एक बाटली भरून द्यायचे आणि मी ती सोडवायचो. चुकलो की म्हणायचे, "फिरी कर," आणि चहा सांगायचे. त्या बरण्यांवर आता जाड अक्षरांत मराठी चिठ्ठ्या होत्या. कुमुदनं जायच्या आधी दोन दिवस बसून त्या लिहून चिकटवल्या होत्या, आणि तरीही नाना बरणीतली चिमूट ज्योतीत धरल्याशिवाय किंवा कोणाला तपासायला लावल्याशिवाय बाटली भरत नसत. ऑक्टोबरात मी पास झालो. पहिला वर्ग नाही, काही नाही, नुसता पास. नानांना कायम व्हायला पुढे तीन वर्षं लागली, आणि ती तीन वर्षं त्यांच्या निवृत्तिवेतनातून गेली ती गेलीच. मला त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या बायकोनं मात्र दर भेटीत दाखवलं, आणि तिचं बरोबर होतं.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात लागलो. नानांची गाठ वर्षा-दोन वर्षांनी पडे, जळगावला काम निघालं की. शेवटची पडली ती अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक म्हणून त्या लॅबमध्ये माझीच नेमणूक झाली. यादी मी हातानं लिहिली होती, कार्बन न लावता. सर निवृत्त झालेले, विभागात सगळे नवे चेहरे. नाना तेवढे होते. दोन महिन्यांनी तेही घरी बसणार होते. कोट नवा, टोपी तीच तशी धुतलेली. मला पाहून हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या साहेब." मला ते साहेब बोचलं.

नवे विभागप्रमुख मला बाजूला घेऊन म्हणाले, "नानांना मोतीबिंदू झालाय. रंग कळत नाहीत, त्यांनीच येऊन सांगितलं. मी म्हटलं, भरायचं काम तुम्हीच करा, ज्योत तेवढी कोणाला तरी दाखवून घेत जा." खोलीत त्या वेळी चार प्राध्यापक होते. दोघे तर सुवर्णपदकवाले.

नानांनी पहिली बरणी काढली, बर्नर पेटवला, तार बुडवली आणि ज्योतीत धरली. त्यांचे डोळे ज्योतीकडे होते, पण थोडे बाजूला पाहत होते. सुवर्णपदकवाल्यांपैकी एक जण पुढे झाला, "बघू नाना, मी सांगतो." नानांनी त्याला हातानंच थांबवलं आणि वळून मला शोधलं.

"साहेब, जरा आठे या. देखा बरं, कोनता रंग शे?"

मी गेलो. शेजारी उभा राहिलो. ज्योत बघायला हवा त्याहून जास्तच वेळ मी घेतला.

"पोपटी आहे, नाना."

"पोपटी," ते म्हणाले. बर्नर बंद केला, बरणी पुढे ओढली आणि बाटल्या भरायला घेतल्या. दुसऱ्या कोणाला त्यांनी विचारलं नाही.